विसावी सुई

बुधवार, ९ नोव्हेंबर २०२२. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. लांब टेबलावर बाराबाराच्या तीन थप्प्या, म्हणजे छत्तीस दुलया, पाच मशीनवर पाच सुया, डबीत बारा, आणि मोडक्या सुयांच्या वहीत सेलोटेपखाली दोन. एकूण एकोणीस. मागची गाडी रवाना झाली त्या दिवशी तपासनिसांनी स्वतःच्या हाताने वीस मोजल्या होत्या.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा मोजले. डबी पांढऱ्या कागदावर उपडी केली, तिचे झाकण ठोकून पाहिले, पाचही मशीनखालची फरशी चुंबक बांधलेल्या काठीने झाडून काढली. दोन टाचण्या आणि एक जुना हूक मिळाला. सुई मिळाली नाही.

"काय हो मायक्रोमीटर," खिडकीजवळच्या मशीनवरून बँकवाल्या बाई म्हणाल्या, "सकाळी सकाळी फरशीला इस्त्री चाललीय का?"

तपासनीस हसले नाहीत, तेव्हा खोलीतली मशीन एकेक करून थांबली.

ही खोली एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. भिंतीवर अजून शाईचे डाग होते आणि जिना अरुंद होता. पण दोन्ही बाजूंनी भरपूर उजेड येई, आणि शिवणाऱ्याला तेवढे पुरते. येथे पाच जणी शिवत असत. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली मुले रुग्णालयातून घरी जायला निघाली की प्रत्येकाला एक दुलई मिळे; ती येथून जाई. अशा मुलांच्या वॉर्डात तीस वर्षे काम करून निवृत्त झालेल्या सिस्टर या खोलीच्या प्रमुख होत्या आणि स्वतःही पाचव्या मशीनवर बसत. एका कारखान्याच्या मापन विभागात चौतीस वर्षे काढलेले तपासनीस शिवत नसत. ते अस्तर कापत, मापे घेत, सुया मोजत आणि प्रत्येक तयार दुलईला 'तपासले' अशी चिठ्ठी टाचत.

दुलई करण्याची रीत झटपट होती, म्हणूनच ती निवडली होती. खाली अस्तर, त्यावर मऊ थर, आणि मधोमध चिंधीची पहिली पट्टी. दुसरी पट्टी पहिलीवर पालथी ठेवायची, कडेला कड जुळवायची, सगळ्या थरांतून एकदम शिवण मारायची आणि पट्टी उलटून नखाने दाबायची. मग तिसरी, मग चौथी. पट्ट्या कडेपर्यंत पोहोचल्या की वरचे कापडही जोडून झालेले असते आणि आतला थरही पक्का बसलेला असतो. उरते ती फक्त किनार. हात बसलेल्या बाईची दिवसाला एक दुलई सहज निघे. दोष एकच होता. जे पट्टीखाली गेले ते खालीच राहते. तिसरी पट्टी चुकली आणि पुढे अकरा लागल्या असतील, तर अकराही उसवल्याशिवाय तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

आणि म्हणूनच सुईचा नियम होता. सुई मोडली की मशीन थांबवायचे, दोन्ही तुकडे शोधायचे, वहीत जुळवून सेलोटेपखाली लावायचे, बाजूला तारीख आणि मशीनचा क्रमांक लिहायचा. टोक सापडेपर्यंत त्या दुलईने टेबल सोडायचे नाही.

"एक कमी आहे," तपासनीस म्हणाले. "कुणाची मोडली?"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिले. त्या दुसऱ्या आणि चौथ्या मशीनवर बसत, कारण शेजारी बसवल्या की भांडत.

"माझी मोडली ती वहीत आहे," थोरली म्हणाली. "दुसरी हिची. ही धसमुसळी आहे, पण लपवणारी नाही."

"बघा, आज वहिनींनी माझी स्तुती केली," धाकटी म्हणाली. "तारीख लिहून ठेवा कुणीतरी."

"माझी मोडली असती तर मी गावभर बोंब मारली असती," बँकवाल्या बाई म्हणाल्या.

"ते खरं," सिस्टर म्हणाल्या. त्या उठून टेबलाशी आल्या. "ताई, तुमची?"

तिसऱ्या मशीनवरच्या ताईंनी मान वर केली. त्या तपासनिसांच्या थोरल्या भगिनी, वय चौऱ्याहत्तर. तयार शर्टांच्या कारखान्यात कॉलर विभागात त्यांनी सोळा वर्षे काढली होती, आणि त्यांतल्या तीन वर्षांत हा धाकटा भाऊ तांत्रिक महाविद्यालयातून शिकून बाहेर पडला होता. पुढे ताईंचे यजमान गेले, मग तपासनिसांची पत्नी गेली, आणि गेली सहा वर्षे ही दोन भावंडे दोन खोल्यांच्या घरात एकत्र राहत होती.

"माझी सुई?" ताई म्हणाल्या. "ही काय, मशीनमध्ये आहे. मोडली असती तर शिवलं असतं कशानं, दातांनी?"

सगळ्या हसल्या. ताई पुढे म्हणाल्या, "गाडी किती वाजता यायची आहे रे?"

"चार वाजता, ताई."

हा प्रश्न त्यांनी त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारला होता. खोलीत ते कुणाच्या ध्यानात आले नाही. तपासनिसांच्या आले.

सिस्टरांनी त्यांना जिन्याजवळ बाजूला घेतले आणि आवाज खाली आणला. "ती मुलं केवढी असतात, मी तुम्हाला सांगायला नको. कातडी कागदासारखी. एका पाठीत टोक गेलं तर मूलही गेलं आणि ही खोलीही गेली. चारपर्यंत सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर आज गाडी रिकामी जाईल."

"सापडेल," तपासनीस म्हणाले.

त्यांनी घरून चुंबकी ठोकळा आणला. कारखान्यात मोजमापाची घड्याळासारखी उपकरणे पोलादी पृष्ठभागावर घट्ट बसवण्यासाठी जे ठोकळे वापरत, त्यांतलाच तो एक. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेला. कळ फिरवली की तो पकड घेतो. त्यांनी तो एका निरुपयोगी दुलईवर पारखून घेतला: सुईचे चार मिलिमीटरचे टोक मऊ थरात दडवले आणि ठोकळा वरून हळू फिरवला. टोकाच्या जागी कापड भुईतून कोंब यावा तसे उभे राहिले. पद्धत बरोबर होती. एका दुलईला आडवे पंधरा आणि उभे बारा फेर, दोन्ही बाजूंनी, आठ मिनिटे.

आता कोठून सुरुवात करायची, हा प्रश्न होता. आणि खरे पाहता तो प्रश्नच नव्हता. दोष जेथे संभवतो तेथून शोध सुरू करायचा, हे त्यांनी चौतीस वर्षे शिकाऊ मुलांना सांगितले होते. प्रत्येक बाई आपल्या दुलईच्या कोपऱ्यात आपल्या रंगाच्या दोऱ्याचे तीन टाके घाली. ताईंचा दोरा निळा. निळ्या टाक्यांच्या नऊ दुलया तिसऱ्या थप्पीत वरच होत्या.

तपासनिसांनी त्या नऊ उचलल्या, टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवल्या आणि थोरल्या जावेच्या दुलयांपासून सुरुवात केली.

साडेनऊ ते साडेदहा, थोरलीच्या सात. धाकटीच्या सातांत दोन ठिकाणी कापड हलल्यासारखे वाटले. पाहिले तर ते ठोकळ्यानेच ओढले होते. ठोकळा जड होता. बँकवाल्या बाईंच्या आठ झाल्या. सिस्टरांच्या पाच झाल्या. काही सापडले नाही, आणि सापडणार नाही हे ते प्रत्येक फेरीबरोबर अधिकाधिक जाणत होते, तरी एकही फेर त्यांनी गाळला नाही. मुलांच्या सदऱ्यांच्या पट्ट्या, पडद्यांच्या पट्ट्या, कुणाच्या पायजम्याच्या, कुणाच्या झग्याच्या. ठोकळा सगळ्यांवरून फिरला.

तीन महिन्यांपूर्वी ताईंच्या दुलईत पहिली उलटी पट्टी आली होती. फुले आत, उलटी बाजू वर. कॉलर विभागातली सोळा वर्षे, आणि उलटी पट्टी! तपासनिसांनी ती दुलई किनार लावायच्या निमित्ताने घरी नेली, ताई झोपल्यावर उसवली, सुलटी करून शिवली आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी टाचून थप्पीत ठेवली. पुढच्या आठवड्यात दोन पट्ट्या उलट्या आल्या. मग तो नेमच झाला. सिस्टरांना सांगायचे मनात येई, पण ताई एकदा सहज म्हणाल्या होत्या, "हे मशीन थांबलं ना, की मी थांबले समज." त्यानंतर ते शब्द तोंडातून निघाले नाहीत.

"तपासनीस," सिस्टर मागे येऊन उभ्या होत्या, "एक वाजून गेला. ताईंच्या नऊ शेवटी का ठेवल्यात?"

त्यांनी ठोकळ्याची कळ बंद केली. सिस्टरांनी वॉर्डात तीस वर्षे आईबापांचे चेहरे वाचले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "चहा घ्या आधी. मी इथेच आहे."

चहा निवून गेला. निळ्या टाक्यांची पहिली दुलई, दुसरी, तिसरी. या तिन्ही घरी उसवून पुन्हा शिवलेल्या. चौथीत किनारीजवळ एक उलटी पट्टी त्यांच्या नजरेतून सुटलेली निघाली आणि त्यांचे कान तापले. पाचवीत काही नाही.

सहावी हातात घेतली तेव्हा त्यांना ती आठवली. पिवळ्या आणि राखाडी पट्ट्यांची होती. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी ती घरी दिव्याखाली धरून पट्टीमागून पट्टी पाहिली होती, आणि एकही उलटी निघाली नव्हती. सगळ्या शिवणी सरळ, सगळ्या पट्ट्या मापात. त्या दिवशी ते किती हलके झाले होते! थकवा होता, दुसरे काही नाही, असे त्यांनी स्वतःला सांगितले होते. हात न फिरवता, न दाबता, आनंदाने चिठ्ठी टाचली होती.

ठोकळा मधल्या पट्टीवर आला आणि कापड उठले.

पण टोक उठावे तसे ते उठले नाही. लांबट, सपाट असे काहीतरी पट्टीखालून वर आले आणि ठोकळ्याला घट्ट चिकटले.

त्यांनी बारीक कात्री घेतली. या पट्टीच्या चारही बाजूंनी शिवण होती. ती इतर पट्ट्यांसारखी शेजारच्या शिवणीत गेलेली नव्हती, तर मागाहून, मुद्दाम, वरून लावलेली होती. टाके बारीक आणि एकसारखे. मोजले असते तर एका इंचात बारा भरले असते. एक बाजू उसवून त्यांनी पट्टी उचलली.

खाली पांढऱ्या थरावर सुई होती. दोन तुकडे, मूठ डावीकडे आणि टोक उजवीकडे, मोडल्या जागी मोड जुळवून ठेवलेले, हलू नयेत म्हणून दोऱ्याने दोन ठिकाणी बांधलेले. बाजूला पेन्सिलीने, कॉलर विभागातल्या नेटक्या अक्षरांत लिहिले होते:

९-७-७४. मशीन क्र. ४१.

या खोलीत पाचच मशीन होती.

तपासनीस खुर्चीवर बसले. सिस्टरांनी त्यांच्या खांद्यावरून वाचले. मग त्या इतर बायकांना म्हणाल्या, "चला, खाली जाऊन डबे खाऊन घेऊ. धाकटी, तू पाण्याची बाटली घे. चल, चल."

"अहो, पण सापडली का?" बँकवाल्या बाईंनी विचारले.

"सापडली. चला म्हटलं ना."

पावले जिन्यावरून उतरली. तिसरे मशीन तेवढे चालू होते. तपासनीस दुलई घेऊन तेथे गेले आणि ती ताईंच्या पुढ्यात पसरली.

"ताई, हे काय आहे?"

ताईंनी मशीन थांबवून पाहिले. "सुई. डोळे गेले का तुझे?"

"इथे कशी आली?"

"कशी म्हणजे? मोडली. मोडली की दोन्ही तुकडे जपून लावून ठेवायचे, तारीख घालायची. नाहीतर सुपरवायझर पाळीभर उभं करतो." त्यांनी बोटाने तुकड्यांवरची गाठ चाचपली. "पक्कं लावलंय मी. हरवायचं नाही." मग मान वर करून भावाकडे नीट पाहिले. "तू इथे कसा? आज तुझा ड्रॉइंगचा पेपर ना? बोर्ड घेतलास का? टी-स्क्वेअर दाराशी ठेवलाय मी, मागच्या वेळेसारखा विसरशील आणि मला पळवशील."

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तपासनीस खरेच टी-स्क्वेअर विसरले होते, आणि ताई रात्रपाळी करून आलेल्या तशाच, चपला न घालता, महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत धावत आल्या होत्या.

"घेतला, ताई," ते म्हणाले. "पेपर झाला. चांगला गेला."

"मग तोंड का असं?"

ताई त्यांच्या केसांकडे पाहू लागल्या; मग हाताकडे; मग स्वतःच्या हाताकडे. खालच्या रस्त्यावर कुणीतरी लोखंडी दार ओढून बंद केले. त्या आवाजाने असेल किंवा कशाने, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकले आणि त्या खोलीत परत आल्या. त्यांनी दुलई जवळ ओढली आणि पेन्सिलीची अक्षरे वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली.

"हे माझं अक्षर आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"ही बाळांची दुलई आहे."

"हो, ताई."

"धाकट्या, कुठल्या बाळाला काही झालं का रे? खरं सांग."

"नाही. यांतली एकही गेलेली नाही. सगळ्या इथेच आहेत. टोक सापडलंय, पुरं सापडलंय."

ताईंनी डोळे मिटले. बंद पापण्यांतून पाणी आले आणि त्यांनी ते पुसले नाही. "मला वाटायचं, तुला कळत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "घरी दोरे दिसायचे मला. तुझ्या पलंगाखाली. उसवलेले. मी म्हणायची, असेल काही. कधी आठवायचं, कधी नाही."

"उलट्या पट्ट्या फक्त. माणसाकडून होतं."

"माझ्याकडून नाही व्हायचं." हे त्या कठोरपणे म्हणाल्या, कॉलर विभागात नव्या मुलींना म्हणत असतील तशा. "आणि तू तपासनीस ना? तू चिठ्ठ्या लावल्यास?"

"लावल्या."

"असली चिठ्ठी मला नको होती रे."

ताईंनी मशीनचा दोरा कात्रीने कापला. डाव्या हाताने चाक फिरवून सुई पुरी वर घेतली, आडोशाला ठेवलेला छोटा पेचकस उचलला आणि सुईचा स्क्रू सैल केला. सुई निघाली. ती त्यांनी भावाच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटे वरून मिटवली.

"डबीत टाकू नकोस," त्या म्हणाल्या. "डबी कुठे असते ते मला ठाऊक आहे. उद्या सकाळी मीच काढून बसवीन आणि मला आठवायचंसुद्धा नाही. वहीत लाव. वहीतली सुई मी कधी काढली नाही."

"बरं."

"आणि मी विचारीन. रोज विचारीन, माझी सुई कुठाय म्हणून. काय सांगशील?"

"सांगेन, मोडली. नवी मागवलीय."

"हं." त्यांनी थोडा विचार केला. "चांगलं आहे. ते पटेल मला." आणि मग त्या हसल्या, अगदी थोड्या. "बघ, तुला खोटंसुद्धा मीच जुळवून द्यायचं."

त्या उठल्या, पदर नीट केला आणि कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या ढिगाशी जाऊन बसल्या. जरा वेळाने त्या चिंध्या रुंदीप्रमाणे लावू लागल्या: दोन बोटे, तीन बोटे, चार बोटे. मध्येच त्यांनी विचारले, "गाडी किती वाजता रे?"

"चार वाजता, ताई."

सिस्टर वर आल्या तेव्हा तपासनीस निळ्या टाक्यांच्या नऊ दुलयांवरच्या चिठ्ठ्या काढत होते. टाचण्या एका ताटलीत, चिठ्ठ्या दुसरीत.

"एकच खराब होती ना?" सिस्टरांनी विचारले. "बाकीच्या तीन पाहून घ्या आणि जाऊ द्या. वॉर्डाने छत्तीस मागितल्यात."

"चुंबक फिरवला की सुई कळते. पण या नऊ मी तपासल्याच नव्हत्या, सिस्टर. चिठ्ठी माझी होती, तपासणी नव्हती. टाका पक्का आहे की नाही, दोरा कुठे सुटतो की नाही, काही पाहिलं नाही. फक्त झाकत गेलो." त्यांनी आणखी एक चिठ्ठी ताटलीत टाकली. "तीन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. मागच्या गाडीतूनही ताईंच्या सात गेल्या आहेत. त्या परत मागवा."

"आज फोन करते." सिस्टरांनी कोपऱ्याकडे पाहिले. "आणि त्या?"

"चिंध्या लावतील. जमेल तोवर." त्यांनी शेवटची टाचणी काढली. "त्यांना यायला मनाई करू नका. एवढंच मागतो."

"मी कोण मनाई करणार?" सिस्टर म्हणाल्या, आणि वळून उगाचच खिडकी बंद करू लागल्या.

गाडी चारला दहा मिनिटे असताना आली. दोघी जावांनी एकेक गठ्ठा खाली नेला, आणि त्या दिवशी त्या जिन्यात भांडल्या नाहीत. ताईंनी वरच्या खिडकीतून हात हलवला. सत्तावीस दुलया गेल्या. नऊ टेबलावर राहिल्या.

साडेचार वाजता तपासनिसांनी वही उघडली. मोडक्या सुईचे दोन तुकडे मूठ डावीकडे आणि टोक उजवीकडे असे लावले, सेलोटेप दाबला, आजची तारीख घातली, मशीनचा क्रमांक लिहिला: ३. त्याखाली दुसरी सुई लावली. तिच्यापुढे काय लिहावे हे सुचेना. वहीत 'कारण' असा रकाना होता आणि तेथे आजवर दोनच शब्द आले होते, 'जाड शिवण'. त्यांनी पेन खूप वेळ कागदावर धरून ठेवले. मग लिहिले, 'अखंड', आणि सही केली.

मग नेहमीप्रमाणे मोजले. मशीनवर चार. डबीत बारा. वहीत चार.

एकूण वीस.